गच्चीवरचा अँटेना : निवड आणि बांधणी

(कॅडेट, इयत्ता दहावी)

१२ डिसेंबर २०१६ च्या दुपारी ‘वरदा’ चक्रीवादळ चेन्नईवर आले, तेव्हा मी इथे शाळेत होतो. रात्री रोलकॉलनंतर घरी फोन लावला, लागला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी बाबांचा फोन आला. सगळे सुखरूप होते, वीज नव्हती, आणि गल्लीतले मोठे झाड केबलच्या सगळ्या तारा घेऊन आडवे झाले होते.

वीज काही दिवसांनी आली. केबल यायला महिना गेला आणि आली तेव्हा तिच्यात ‘सह्याद्री’ वाहिनी नव्हती. बाबांनी दोनदा तक्रार केली. पुढच्या आठवड्यात येईल असे उत्तर मिळाले. तो आठवडा मे महिन्यापर्यंत आला नव्हता.

एक वाहिनी गेली तर एवढे काय, असे तुम्हाला वाटेल. आमची आजी वाईची आहे. आजोबा गेल्यावर बाबांनी तिला चेन्नईला आणले. बाबा पेरांबूरच्या रेल्वे डबे कारखान्यात, आई बँकेत. सकाळी साडेआठ ते संध्याकाळी सहा आजी घरात एकटी असते आणि तिला तमिळ येत नाही. मे महिन्यात मी सुट्टीवर गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी ती मला म्हणाली, “बाळा, परत जाताना मला वाईला पोचवून जा. तिथं निदान भांडायला तरी माणसं आहेत.” वाईचे घर दोन वर्षे बंद आहे. तिथे ती एकटी कशी राहणार? मी काही बोललो नाही, पण अँटेना बसवायचे तेव्हाच ठरवले.

आमच्या भाड्याच्या घराच्या गच्चीवर (तमिळमध्ये गच्चीला ‘मोट्टै माडी’ म्हणतात) एक जुना अँटेना होता. ॲल्युमिनियमच्या आडव्या काड्या, गंजलेला खांब आणि खाली लोंबणारी चपटी वायर. घरमालक अंकलनी तो मद्रास दूरदर्शनसाठी लावला होता. मद्रास केंद्र १५ ऑगस्ट १९७५ रोजी सुरू झाले, हे त्यांना तारखेसह पाठ आहे. मला वाटले, आयताच अँटेना आहे, नवी वायर जोडली की झाले. इथे माझी पहिली चूक झाली.

अँटेना म्हणजे नुसत्या काड्या नव्हेत, ती मोजपट्टी असते. रेडिओ लहरीची मीटरमधली लांबी काढायची तर ३०० ला मेगाहर्ट्झमधल्या वारंवारतेने भागायचे. ज्या काडीला वायर जोडलेली असते तिची लांबी त्या लहरीच्या निम्मी, किंबहुना त्याहून पाच टक्के कमी ठेवतात. हे उलटेही करता येते. मी टेप घेऊन ती काडी मोजली, ती २.२ मीटर भरली. म्हणजे अर्धी लहर सुमारे २.३ मीटर, पूर्ण लहर ४.६ मीटर आणि वारंवारता ६५ मेगाहर्ट्झच्या आसपास. हा जुन्या दूरदर्शनचा व्हीएचएफ पट्टा. दूरदर्शनचे नवे डिजिटल प्रक्षेपण फेब्रुवारी २०१६ मध्ये सोळा शहरांत सुरू झाले (आपल्याकडची मुंबई आणि औरंगाबाद त्यांत आहेत, चेन्नईही आहे). ते ४७० मेगाहर्ट्झच्या वर चालते. तिथे पूर्ण लहरच ६४ सेंटिमीटरची, म्हणजे काडी जेमतेम ३० सेंटिमीटरची हवी. अंकलच्या अँटेनात दोष नव्हता. तो दुसऱ्याच मापाच्या लहरीसाठी कापलेला होता.

मग मी बाबांना घेऊन रिची स्ट्रीटला गेलो. ही चेन्नईतली इलेक्ट्रॉनिक्सची गल्ली आहे, सुटा स्क्रू मागितला तरी मिळतो. एका दुकानात सांगितले, “डिजिटल अँटेना घ्या, दूरदर्शनच्या सगळ्या वाहिन्या येतात.” आम्ही घेतला. आमच्या टीव्हीत डिजिटल प्रक्षेपण पकडणारा ट्यूनर आधीपासून होता. अर्ध्या तासात अँटेना बांधला, चित्र आरशासारखे स्वच्छ आले. वाहिन्या आल्या पाच, त्यांत तमिळची ‘पोदिगै’ होती, ‘सह्याद्री’ नव्हती. आजीने माझ्या समाधानासाठी दहा मिनिटे पाहिले आणि म्हणाली, “बाई गातेय छान. पण म्हणतेय काय?”

ही माझी दुसरी चूक आणि या लेखात सगळ्यात आधी सांगायला हवी ती गोष्ट हीच. अँटेना निवडण्यापूर्वी आपल्याला काय पाहायचे आहे आणि ते कुठून येते, हे दोन प्रश्न कागदावर लिहा. जमिनीवरच्या मनोऱ्यावरून येणाऱ्या या लहरी जवळजवळ सरळ जातात आणि क्षितिजाच्या थोड्या पलीकडे संपतात. मध्ये डोंगर आला तर त्याही आधी. मुंबई दूरदर्शन १९७२ मध्ये सुरू झाले, पण मध्ये सह्याद्री आडवा असल्याने पुण्यासाठी १९७३ मध्ये सिंहगडावर वेगळे सहक्षेपण केंद्र उभारावे लागले. मुंबईचा कार्यक्रम घाट चढू शकला नाही, तिथे महाराष्ट्राची वाहिनी चेन्नईच्या मनोऱ्यावर कशी सापडेल? चेन्नईचा मनोरा चेन्नईचेच बोलणार. आजीला हवे होते ते फक्त वरून, उपग्रहावरून येऊ शकत होते.

तो अँटेना वाया गेला नाही. अंकलनी तो त्यांच्या टीव्हीला लावून मागितला आणि बदल्यात गच्चीवर डिश बसवायची परवानगी दिली, एका अटीवर. गच्चीच्या फरशीला एकही भोक पाडायचे नाही. ही अट रास्त आहे. चेन्नईत स्लॅबवर विटांच्या तुकड्यांचा आणि चुन्याचा थर देऊन त्यावर लाल फरश्या बसवतात, म्हणून घर थंड राहते आणि गळत नाही. त्या थरात ड्रिल घातले की पुढच्या पावसात खालच्या खोलीत बादली ठेवावी लागते.

दूरदर्शनची ‘फ्री डिश’ सेवा पूर्वेकडील ९३.५ अंश रेखांशावरच्या उपग्रहावरून मिळते. नोव्हेंबर २०१५ मध्ये सोडलेला जीसॅट-१५ तिथे आहे. विषुववृत्ताच्या बरोबर वर, सुमारे ३५,८०० किलोमीटर उंचीवर. तो पृथ्वीच्याच गतीने फिरतो, म्हणून आपल्याला एका जागी स्थिर दिसतो आणि डिश एकदा बसवली की हलवावी लागत नाही. त्याच्यावर सह्याद्रीही आहे आणि महिन्याचे भाडे नाही. डिश, बॉक्स आणि वायर मिळून आमचा खर्च दोन हजारांच्या आत झाला. आजी या वस्तूला पहिल्यापासून ‘छत्री’ म्हणते, मीही आता तेच म्हणतो.

आता दिशा. नकाशावाचनाच्या तासाला आपण बेअरिंग काढतो, ते इथे कामी आले. चेन्नई १३.१ अंश उत्तर अक्षांशावर आणि ८०.३ अंश पूर्व रेखांशावर आहे. उपग्रह ९३.५ वर, म्हणजे आपल्यापेक्षा १३.२ अंश पूर्वेला. दक्षिणेपासून पूर्वेकडे किती वळायचे तो कोन असा काढतात: रेखांशातल्या फरकाचा टॅन्जंट भागिले अक्षांशाचा साइन. ०.२३५ भागिले ०.२२७ म्हणजे सुमारे १.०४, आणि टॅन्जंट १.०४ असलेला कोन ४६ अंश. दहावीला त्रिकोणमिती कशाला, असे विचारणाऱ्या माझ्या बाकावरच्या मित्राला हे उदाहरण भेट. ४६ अंश म्हणजे जवळजवळ काटकोनाचा निम्मा, सरळ आग्नेय दिशा.

उंचीचा कोन काढताना पृथ्वीची त्रिज्याही धरावी लागते, ते गणित इथे देत नाही. चेन्नईसाठी तो ६८ अंश येतो, वाईसाठी ५९. दक्षिणेकडे जावे तसा उपग्रह डोक्यावर चढतो. याचा फायदा मला नंतर कळला. शेजारच्या आवारातला नारळ आमच्या गच्चीपेक्षा आठेक मीटर उंच आहे आणि तो नेमका आग्नेयेला आहे. मनोऱ्याकडे पाहणाऱ्या अँटेनाला तो आडवा आला असता. ६८ अंशांवर पाहणाऱ्या छत्रीला तो फक्त सव्वातीन मीटरच्या आत असला तरच अडवतो. आठ भागिले ६८ चा टॅन्जंट, करून पाहा. आमचा नारळ बारा मीटर दूर आहे.

कागदावर सगळे सोपे होते. गच्चीवर होकायंत्राने घात केला. जिन्याच्या खोलीजवळ ते एक दिशा दाखवी आणि कठड्याजवळ दुसरी, वीस अंशांहून जास्त फरक. लोखंडी दार, जुना खांब, टाकीची शिडी, सगळेच काट्याला ओढत होते. म्हणून मी सूर्याची मदत घ्यायचे ठरवले. पुस्तकात वाचले होते की मध्यान्हीची सावली उत्तरेकडे पडते. २० मे रोजी १२ वाजून ५ मिनिटांनी (चेन्नईत त्या दिवशी सूर्य तेव्हा सर्वांत वर असतो, घड्याळाच्या बारावर नाही) मी एक मीटरची काठी ओळंब्यात उभी केली, सावलीच्या टोकाला खडूने ‘उ’ लिहिले आणि त्यावरून आग्नेय दिशा आखली.

आजी लोणच्याच्या फोडींना ऊन दाखवायला वर आली होती. ती म्हणाली, “अरे, सूर्य रोज त्या नारळामागून उगवतो. तुझी पूर्व टाकीकडे कशी गेली?”

पुस्तक खोटे नव्हते, पण ते आपल्यापेक्षा उत्तरेकडच्या माणसाने लिहिलेले असावे. चेन्नईत एप्रिलच्या चोविसाव्या तारखेच्या सुमारास सूर्य बरोबर डोक्यावर येतो आणि त्यानंतर ऑगस्टच्या मध्यापर्यंत मध्यान्ही तो उत्तरेला असतो. तेव्हा सावली दक्षिणेला पडते. माझी सावली जेमतेम १२ सेंटिमीटरची होती आणि ती दक्षिण दाखवत होती. मी बरोबर उलटा उभा होतो.

शिवाय एवढ्या आखूड सावलीवरून रेघ नेमकी आखता येत नाही. दुसऱ्या दिवशी मी आपल्याकडची जुनी रीत वापरली, सूर्यसिद्धान्तात सांगितलेली शंकूची. काठीभोवती ६० सेंटिमीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायचे. सकाळी सावली आखडत जाते, तिचे टोक वर्तुळाला लागले की खूण करायची (आमची दहाच्या सुमारास झाली). दुपारी सावली वाढत पुन्हा वर्तुळाला लागते, तिथे दुसरी खूण (सव्वादोनच्या आत). दोन्ही खुणा जोडणारी रेघ म्हणजे पूर्व-पश्चिम. लोखंडाचा संबंध नाही, बॅटरी नाही, मोबाईल नाही. तिला काटकोनात दक्षिण काढली, कोनमापकाने ४६ अंश मोजले आणि गच्चीवर एक लांब खडूची रेघ ओढली. आईला ती रांगोळी वाटली.

आकाराचाही प्रश्न होता. दुकानात ६० आणि ९० सेंटिमीटरच्या छत्र्या होत्या. मोठी जास्त लहरी गोळा करते, पावसात तिचे चित्र उशिरा तुटते. पण वारा? भारतीय मानक आयएस ८७५ मध्ये इमारतींसाठी वाऱ्याचा मूळ वेग शहरवार दिला आहे. पुण्याला सेकंदाला ३९ मीटर, मुंबईला ४४ आणि चेन्नईला ५०. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या ०.६ पट धरतात. ५० च्या वर्गाला ०.६ ने गुणले की दर चौरस मीटरला १,५०० न्यूटन. ६० सेंटिमीटरच्या छत्रीचे क्षेत्रफळ ०.२८ चौरस मीटर, म्हणजे सुमारे ४२५ न्यूटन, ४३ किलोचे पोते लटकल्यासारखे. आकार वाटीसारखा असल्याने प्रत्यक्षात थोडे जास्तच. ९० सेंटिमीटरला हेच ९७ किलोंवर जाते. ‘वरदा’त ताशी ११० ते १२० किलोमीटरचे वारे होते, त्याला ६० ची छत्री १९ किलोंनी ओढली गेली असती. मी ६० ची घेतली. पावसात दहा मिनिटे चित्र गेले तर चालेल, छत्री उडून खाली कुणाच्या डोक्यात गेली तर चालणार नाही.

याच कारणासाठी ती कठड्यावर बसवली नाही. कठडा अर्ध्या विटेचा असतो, बोल्ट घट्ट केला की वीटच फुटते. जिन्याच्या खोलीला काँक्रीटचा खांब आहे, त्याच्या बाजूला चार अँकर बोल्ट घेतले, दहा मिलिमीटरचे, स्टेनलेस स्टीलचे. साधे लोखंड समुद्राच्या खाऱ्या हवेत टिकत नाही, अंकलच्या जुन्या खांबाचे नट पान्याऐवजी हातोडीने काढावे लागले होते. ड्रिल मी चालवले नाही, बाबांनी चालवले. मी शिडी धरली.

छत्रीचा दांडा ओळंब्याला बरोबर उभा हवा आणि ओळंबा दोन बाजूंनी लावून पाहायचा, एकमेकींना काटकोनात. आमचा एका बाजूने उभा दिसत होता, दुसरीकडून तीन अंश कलला होता. दांडा कललेला असला तर छत्री डावी-उजवीकडे फिरवताना तिची उंचीही आपोआप बदलते आणि मग किती फिरवले, किती चढवले, काही कळत नाही. वॉशर घालून सरळ केला.

आणखी एक फसगत. ६८ अंश म्हणजे छत्रीचे तोंड जवळजवळ आकाशाकडे हवे, असे वाटते. पण घरगुती छत्रीत लहरी मधोमध परत फिरत नाहीत, खालच्या बाजूला धरलेल्या एलएनबीवर पडतात. आमच्या खोक्यावर हा फरकाचा कोन २४ अंश लिहिला होता. म्हणून तोंड ४४ अंशांवरच वळवायचे. ती पाहते वेगळीकडेच असे वाटते, पण दिसते तिला तिथलेच.

मग जुळवणी. या लहरींची वारंवारता ११ गिगाहर्ट्झच्या आसपास, लांबी २.७ सेंटिमीटर. ६० सेंटिमीटरच्या छत्रीची नजर अशा लहरीला सुमारे तीन अंश रुंद असते, म्हणजे दोन्ही बाजूंना दीड-दीड अंशाची मुभा. टीव्ही खालच्या मजल्यावर, मी गच्चीवर. पडद्यावर दोन पट्ट्या दिसतात, एक ताकदीची आणि एक दर्जाची. ताकदीची पट्टी नुसती वायर जोडली तरी भरते, तिच्यावर विश्वास ठेवू नका. दर्जाची पट्टी पाहायची. आजीला ती दाखवून ठेवली. आधी ती आकडे ओरडून सांगत होती आणि जिन्यात उभी असलेली अंकलची नात ते मला पोचवत होती. पण तिला मराठी येत नाही, ‘सव्वीस’ आणि ‘सत्तावीस’ माझ्यापर्यंत सारखेच पोचले. मग आजीने युक्ती काढली. ताटावर पळीचा एक ठोका म्हणजे वाढतेय, दोन ठोके म्हणजे कमी होतेय. आपल्या सिग्नलच्या तासाला शोभेल अशी.

खडूच्या रेघेवर छत्री ठेवून मी उंची अर्ध्या-अर्ध्या अंशाने बदलली. बराच वेळ काहीच नाही. मग एक ठोका, पुन्हा एक. तिसऱ्यानंतर शांतता. छत्री मिळाली होती, पण दर्जा तिशीच्या पुढे जाईना. शेवटची किल्ली एलएनबीत होती. उपग्रहाच्या लहरी आडव्या किंवा उभ्या कंप पावतात, पण उपग्रह आपल्या बरोबर दक्षिणेला नसला की तो ‘उभेपणा’ आपल्याला तिरका दिसतो. म्हणून एलएनबी त्याच्या पकडीत हळूहळू फिरवावा लागतो. मी फिरवत गेलो आणि ताट सलग वाजायला लागले. नंतर नुसतेच वाजत राहिले. मी धावत खाली गेलो, तर आजी पळी हातात घेऊन बातम्या ऐकत उभी होती. थांबायचे विसरून गेली होती.

बाकीचे थोडक्यात. वायर ७५ ओहमची आरजी-६ घ्या, अंकलच्या जुन्या चपट्या वायरशी तिचा सांधा जुळत नाही. घरात शिरण्यापूर्वी वायरला खाली एक झोल ठेवा, म्हणजे पावसाचे पाणी त्या झोलावरून गळून जाते, भोकातून आत येत नाही. बाहेरच्या जोडावर रबरी टेप गुंडाळा. दांडा आणि वायरचे बाहेरचे आवरण अर्थिंगला जोडा, पण हे काम वायरमनकडूनच करून घ्या. वीज कडाडत असताना गच्चीवर जाऊ नका. आणि हेही सांगतो, चक्रीवादळात ही छत्री उपयोगाची नाही, कारण तेव्हा वीजच नसते. त्या वेळी उपयोगी पडतो तो आजीचा दोन सेलचा ट्रान्झिस्टर.

जूनमध्ये मी शाळेत परत आलो, एकटाच. जुलैतल्या एका रविवारी आजीने फोनवर तक्रार केली की संध्याकाळी पाऊस आला आणि पडद्यावरच्या माणसांचे चौकोन झाले. मी तिला सांगितले, पावसाचे थेंब काही मिलिमीटरचे आणि आपली लहर २.७ सेंटिमीटरची, मापे जवळची असल्याने थेंब लहर शोषतात आणि विखुरतात. ती म्हणाली, “तेवढ्यात भजी तळून झाली. पाऊस थांबला, माणसं परत आली.”

ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरमध्ये सुरू होतो. दिवाळीच्या सुट्टीत गेल्यावर आधी चारही बोल्ट पान्याने तपासायचे आहेत.